‘सांगितलं असतंस तर आलो असतो’ हे इंग्रजीत नेमकं कसं म्हणायचं?

प्रश्न असा आहे: ‘तू सांगितलं असतंस तर मी आलो असतो’ याचं इंग्रजी ‘इफ यू वुड हॅव टोल्ड मी, आय वुड हॅव कम’ असं केलं तर ते चूक का? आणि ‘करायला हवं होतं’, ‘करता आलं असतं’, ‘तसं झालं असतं तर बरं झालं असतं’ अशी हळहळीची वाक्यं इंग्रजीत कशी बसवायची?

दुरुस्त वाक्य आधी देतो: ‘इफ यू हॅड टोल्ड मी, आय वुड हॅव कम.’ चूक पहिल्या अर्ध्या भागातच आहे, पण मराठी बोलणाऱ्याकडून ती हटकून होते. तिचं मूळ आपल्या मराठीत आहे, म्हणून इंग्रजीचे नियम कितीही पाठ केले तरी ती पुन्हा डोकं वर काढते.

मराठी वाक्य नीट बघा. ‘सांगितलं असतंस’ आणि ‘आलो असतो’. दोन्हीकडे घडण एकच: मुख्य क्रियापदाचं भूतकाळी रूप आणि त्याला जोडून ‘असता, असती, असतं’. अटीलाही ‘असतं’, परिणामालाही ‘असतं’. त्यामुळे एकदा ‘आलो असतो’ म्हणजे ‘वुड हॅव कम’ हे डोक्यात बसलं, की ‘सांगितलं असतंस’चंही आपोआप ‘वुड हॅव टोल्ड’ होतं. इंग्रजी मात्र अट आणि परिणाम वेगवेगळ्या रूपांत सांगते. अटीत ‘हॅड’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप, परिणामात ‘वुड हॅव’ आणि तिसरं रूप.

लक्षात ठेवायला मराठीतलाच ‘तर’ कामी येतो. ज्या तुकड्याच्या शेवटी ‘तर’ लागतो, त्यातलं ‘असतं’ म्हणजे ‘हॅड’. उरलेल्या तुकड्यातलं ‘असतं’ म्हणजे ‘वुड हॅव’. वाक्य उलटं केलं, ‘मी आलो असतो, तू सांगितलं असतंस तर’, तरी ‘तर’ कुठे चिकटलाय ते बघून उत्तर तेच येतं: ‘आय वुड हॅव कम इफ यू हॅड टोल्ड मी.’ इफचा भाग आधी लिहिला तर त्यानंतर स्वल्पविराम द्यायचा, नंतर लिहिला तर द्यायचा नाही. बोलताना आपण ‘जर’ गाळतो आणि ‘तर’ ठेवतो. इंग्रजीत नेमकं उलटं, ‘इफ’ ठेवायचा आणि ‘देन’ बहुतेक वेळा गाळायचा.

अमेरिकी बोलण्यात ‘इफ यू वुड हॅव टोल्ड मी’ असं पुष्कळदा कानावर पडतं, हे खरं आहे. पण परीक्षा, अर्ज, ऑफिसचा मेल, कुठल्याही लेखनात ते चूकच धरलं जातं. शिकणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

वाक्य तयार करताना थेट ‘असतं’पासून सुरुवात करू नका. आधी जे खरंच घडलं ते साध्या भूतकाळात लिहा. समजा, फाइल सेव्ह केली नाही आणि काम वाया गेलं. ‘आय डिडन्ट सेव्ह द फाइल. आय लॉस्ट द वर्क.’ आता दोन्ही वाक्यं उलटी करा, म्हणजे नकार असेल तिथे होकार आणि होकार असेल तिथे नकार. ‘डिडन्ट सेव्ह’चं झालं ‘हॅड सेव्हड’, ‘लॉस्ट’चं झालं ‘वुडन्ट हॅव लॉस्ट’. मग जोडा: ‘इफ आय हॅड सेव्हड द फाइल, आय वुडन्ट हॅव लॉस्ट द वर्क.’ या पद्धतीत दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे घाईत फक्त पहिलंच वाक्य उलटं होतं आणि अर्थ बरोबर विरुद्ध निघतो. दुसरं म्हणजे ‘डिड’ निघून न जाता ‘हॅड’च्या शेजारी ठाण मांडून बसतं, ‘इफ आय डिड नॉट हॅड सेव्हड’ अशासारखं. ‘हॅड’ आलं की ‘डिड’ला तिथे जागा नाही.

या रचनेत ‘वुड’नंतर नेहमी ‘हॅव’च येतो. ‘ही वुड हॅज’ नाही आणि ‘वुड हॅड’ही नाही. तो आला असता, ती आली असती, ते आले असते असं रूप बदलायची आपल्या जिभेला सवय असते, म्हणून ‘ही’ आला की हात ‘हॅज’कडे जातो. इंग्रजीत मी, तू, तो, ती, ते सगळ्यांना ‘वुड हॅव कम’ हे एकच रूप पुरतं. त्यापुढे तिसरं रूप, दुसरं नव्हे: ‘वुड हॅव गॉन’, ‘वेंट’ नाही, ‘वुड हॅव कम’, ‘केम’ नाही. हळहळीच्या वाक्यांत वारंवार लागणारी आणि चुकणारी तिसरी रूपं मोजकीच आहेत: गॉन, कम, टेकन, नोन, चोझन, फर्गॉटन, स्पोकन, रिटन, बिगन, ड्रंक. तेवढी घोटून घेतली तर निम्म्या चुका जातात. प्रश्न विचारताना ‘वुड’ कर्त्याच्या आधी येतो: ‘व्हॉट वुड यू हॅव डन?’ आपल्याकडून ‘व्हॉट यू वुड हॅव डन’ असं निसटतं, कारण मराठीत प्रश्न करताना शब्दांचा क्रम बदलावा लागत नाही.

आता खरी अवघड जागा. हे वाक्य घ्या: ‘माझ्याकडे पैसे असते तर मी हे घर घेतलं असतं.’ हे कधीचं आहे? घर आज विकायला असेल आणि आज पैसे नसतील, तरी मराठीत हेच वाक्य. घर दोन वर्षांपूर्वी विकलं गेलं असेल आणि तेव्हा पैसे नव्हते, तरी हेच. मराठी इथे काळ सांगत नाही, तो संदर्भातून कळतो. इंग्रजीला काळ सांगितल्याशिवाय वाक्यच करता येत नाही. आजची गोष्ट असेल तर ‘इफ आय हॅड द मनी, आय वुड बाय धिस हाउस.’ तेव्हाची असेल तर ‘इफ आय हॅड हॅड द मनी, आय वुड हॅव बॉट दॅट हाउस.’ ‘हॅड हॅड’ पाहून अनेक जण एक ‘हॅड’ खोडतात, आणि वाक्य नकळत आजचं होऊन बसतं. पहिला ‘हॅड’ सहायक आहे, दुसरा ‘हॅव’चं तिसरं रूप आहे. दोन्ही लागतात.

म्हणून प्रत्येक अर्ध्या भागाला स्वतंत्रपणे ‘कधी?’ असं विचारायचं. व्याकरणाच्या पुस्तकांत अटीच्या वाक्यांना दिलेल्या सेकंड कंडिशनल, थर्ड कंडिशनल अशा क्रमांकांपेक्षा हा एक प्रश्न जास्त उपयोगाचा आहे असं माझं ठाम मत आहे, कारण खऱ्या बोलण्यात दोन भागांचे काळ अनेकदा वेगळे असतात. ‘तेव्हा उपचार घेतले असतेस तर आज ठणठणीत असतास’: उपचार कधी? तेव्हा. ठणठणीत कधी? आज. ‘इफ यू हॅड टेकन ट्रीटमेंट देन, यू वुड बी फाइन नाउ.’ इथे ‘वुड हॅव बीन’ लावलं तर ‘आज’शी जुळत नाही. अशा वाक्यात मराठीही थोडी खूण देते. ‘ठणठणीत असतास’मध्ये नुसतं ‘असणे’ आहे, म्हणून ‘वुड बी’. ‘बरा झाला असतास’मध्ये ‘झाला’ आहे, तिथे बहुधा ‘वुड हॅव रिकव्हर्ड’. बहुधा म्हटलं, कारण वरच्या घराच्या वाक्यात ‘घेतलं असतं’ असूनही आजचा अर्थ निघू शकतो.

उलटाही प्रकार असतो. ‘तो इतका विसराळू नसता तर पासपोर्ट घरी राहिला नसता.’ विसराळूपणा आजही आहे, पासपोर्ट तेव्हा राहिला. ‘इफ ही वरन्ट सो फर्गेटफुल, ही वुडन्ट हॅव लेफ्ट हिज पासपोर्ट ॲट होम.’ माणसाचा स्वभाव, उंची, नातं, मातृभाषा अशा टिकून राहणाऱ्या गोष्टी अटीत आल्या की ‘हॅड बीन’ऐवजी ‘वर’ लागतो. बोलताना ‘वॉज’ही चालतो.

‘हवं होतं’ हा दुसरा सापळा, आणि माझ्या मते ‘असतं’पेक्षा जास्त फसवा. ‘मला पाणी हवं होतं’ म्हणजे ‘आय वाँटेड वॉटर’. त्याच धाग्याने ‘मला त्याला सांगायला हवं होतं’चं ‘आय वाँटेड टू टेल हिम’ केलं जातं. पण ते झालं ‘मला त्याला सांगायचं होतं’. खंत व्यक्त करायची तर ‘आय शुड हॅव टोल्ड हिम’. ओळखायची खूण ‘हवं’च्या आधीच असते. आधी नाम असेल तर ‘वाँटेड’. आधी ‘करायला, जायला, सांगायला’ असं रूप असेल तर ‘शुड हॅव’ आणि तिसरं रूप. ‘पाहिजे होतं’लाही हेच लागू. ‘मी जावं असं तिला हवं होतं’ हे पुन्हा इच्छेचं वाक्य: ‘शी वाँटेड मी टू गो.’ आणि ‘गाडी एव्हाना यायला हवी होती’ यात ‘शुड हॅव’ येतो, पण त्यात खंत नसून अंदाज आहे: ‘द ट्रेन शुड हॅव अराइव्हड बाय नाउ.’

‘मला जायलाच हवं होतं’ यातल्या ‘च’मुळे ‘आय मस्ट हॅव गॉन’ सुचतं. ते अजिबात नको. ‘मस्ट हॅव’ म्हणजे ‘असणार’, खात्रीचा तर्क: ‘ही मस्ट हॅव फर्गॉटन’, तो विसरला असणार. खंतीला जोर द्यायचा तर ‘आय रिअली शुड हॅव गॉन.’ आणि ‘मला जावंच लागलं’ हे घडून गेलेलं आहे, म्हणून ‘आय हॅड टू गो’. याच घरातलं ‘मला थांबावं लागलं असतं’ हेही विचारलं जातं. ‘मस्ट’ला तसं रूपच नाही, म्हणून ‘हॅव टू’ घेऊन ‘आय वुड हॅव हॅड टू वेट’ म्हणायचं. ‘आय शुड हॅव वेटेड’ म्हटलं तर अर्थ ‘मी थांबायला हवं होतं’ असा होतो, आणि ऐकणारा निष्कारण तुमची समजूत घालू लागतो.

‘करायला नको होतं’ हे ‘शुडन्ट हॅव’: ‘आय शुडन्ट हॅव सेड दॅट.’ पण ‘एवढं करायची काही गरज नव्हती’, आणि तरी केलं, तिथे ‘यू नीडन्ट हॅव डन ऑल धिस’. ‘डिडन्ट नीड टू’ एवढंच म्हटलं तर गरज नव्हती हे कळतं, केलं की नाही ते कळत नाही.

‘शकणे’चं गणित सोपं आहे. ‘मला करता आलं असतं’, ‘मी करू शकलो असतो’, दोन्ही ‘आय कुड हॅव डन इट’. संधी होती, ती गेली. ‘मी गाडी पकडू शकलो’ हे घडलेलं आहे, एकदाच घडलेलं आहे, तिथे नुसता ‘कुड’ चालत नाही. ‘आय वॉज एबल टू कॅच द ट्रेन’ किंवा ‘आय मॅनेज्ड टू कॅच इट’ म्हणा. ‘त्याला वेळेवर नेलं असतं तर कदाचित वाचला असता’ यात ‘कदाचित’ वेगळा लिहायची गरज नाही, ‘वुड’च्या जागी ‘माइट’ ठेवला की तो आत येतो: ‘ही माइट हॅव सर्व्हाइव्हड.’ इथे ‘मे हॅव’ वापरू नका. ‘ही मे हॅव सर्व्हाइव्हड’ म्हणजे ‘वाचलाही असेल’, अजून ठाऊक नाही. ‘असता’ आणि ‘असेल’ यांतला हा फरक मराठी माणूस बोलताना कधी चुकत नाही. तोच कान इंग्रजीला लावायचा.

‘मी येणार होतो’ याचं ‘आय वुड कम’ होत नाही. नुसता बेत होता, म्हणून ‘आय वॉज गोइंग टू कम’. ‘मी आलो असतो’ला मात्र कुठलीतरी अट चिकटलेली असते, बोलून दाखवलेली किंवा मनातली, म्हणून ‘आय वुड हॅव कम’.

आता ‘विश’. मराठीत ‘तू असतास तर किती बरं झालं असतं’ असं लांबलचक म्हणतो, त्यातला ‘बरं झालं असतं’ हा सगळा भाग ‘आय विश’मध्ये मावतो. पुढचं वाक्य खऱ्या परिस्थितीपेक्षा एक काळ मागे सरकवायचं. आज माहीत नाही, ‘आय डोन्ट नो’, म्हणून ‘आय विश आय न्यू’. तेव्हा माहीत नव्हतं, ‘आय डिडन्ट नो’, म्हणून ‘आय विश आय हॅड नोन’. गेलेल्या गोष्टीसाठी ‘विश’नंतर ‘वुड हॅव’ लावणं ही पुन्हा ‘असतं’चीच चूक आहे. ‘मला जाता आलं असतं तर’ असं असेल तर ‘आय विश आय कुड हॅव गॉन’ हे मात्र बरोबर. ‘विश’नंतर नुसता ‘वुड’ येतो तो दुसऱ्याने आपलं वागणं बदलावं म्हणून: ‘आय विश यू वुड लिसन.’ त्याचा भूतकाळाशी संबंध नाही. ‘इफ ओन्ली’ची रचना हीच, फक्त हळहळ अधिक तीव्र: ‘इफ ओन्ली आय हॅड लिसन्ड!’ आणि जे घडलं की नाही ते माहीतच नाही तिथे ‘विश’ नको, ‘होप’ हवा: ‘आय होप ही रीच्ड सेफली.’

‘रिग्रेट’ या क्रियापदाबद्दल थोडक्यात. मागच्या गोष्टीची खंत असेल तर पुढे ‘आयएनजी’चं रूप: ‘आय रिग्रेट टेलिंग हिम.’ न केल्याची खंत असेल तर ‘आय रिग्रेट नॉट टेलिंग हिम.’ मध्ये ‘फॉर’ किंवा ‘अबाउट’ घालू नका. ‘रिग्रेट टू’ हे वाईट बातमी देतानाचं औपचारिक रूप आहे: ‘वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू’. म्हणून ‘आय रिग्रेट टू टेल हिम’मध्ये सांगून झालेल्या गोष्टीची खंत येतच नाही.

‘तुझी मदत नसती तर’ या तुकड्याचं ‘इफ युअर हेल्प वुड नॉट बी देअर’ असं शब्दाला शब्द लावून काही चांगलं निघत नाही. इंग्रजीत त्यासाठी तयार साचा आहे: ‘इफ इट हॅडन्ट बीन फॉर युअर हेल्प, आय वुड हॅव फेल्ड.’ सोप्या शब्दांत ‘विदाउट युअर हेल्प’ पुरतं, लेखी भाषेत ‘बट फॉर युअर हेल्प’. ‘नाहीतर’साठी ‘अदरवाइज’: ‘बरं झालं सांगितलंस, नाहीतर मी गेलोच असतो’ म्हणजे ‘इट्स अ गुड थिंग यू टोल्ड मी, अदरवाइज आय वुड हॅव गॉन.’ ‘तू आला नसतास तर’ इथे ‘अनलेस’ वापरायचा मोह टाळा. होऊन गेलेल्या गोष्टीची उलटी कल्पना करताना ‘इफ यू हॅडन्ट कम’ हेच घ्या.

औपचारिक लेखनात ‘इफ’ गाळून ‘हॅड’ पुढे आणतात: ‘हॅड आय नोन, आय वुड हॅव वेटेड.’ नकार असेल तर ‘नॉट’ सुटा आणि कर्त्यानंतर: ‘हॅड आय नॉट सीन इट’. ‘हॅडन्ट आय सीन’ असं जोडून लिहिलं की तो प्रश्न वाटतो. रोजच्या बोलण्यात ही रचना जड वाटते, तिथे ‘इफ’च बरा.

ऐकताना अडचण वेगळी येते. बोलणारा ‘हॅड’ही पूर्ण उच्चारत नाही आणि ‘वुड’ही नाही. दोघांचाही नुसता ‘ड’ उरतो: ‘इफ आयड नोन, आयडव टोल्ड यू.’ कुठला ‘ड’ कोणता हे पुढच्या शब्दावरून ठरतं. लगेच तिसरं रूप आलं तर तो ‘हॅड’. पुढे ‘व’ ऐकू आला, म्हणजे दबलेला ‘हॅव’, तर तो ‘वुड’. पुढे साधं मूळ रूप आलं तरी ‘वुड’, ‘आयड बेटर’मध्ये मात्र ‘हॅड’ असतो. ‘शुड हॅव’ बोलण्यात ‘शुडव’ होतं आणि ते ‘शुड ऑफ’सारखं ऐकू येतं, म्हणून इंग्रजी मातृभाषा असलेलेसुद्धा तसं लिहून जातात. तुम्ही लिहिताना तिथे ‘हॅव’च लिहा.

आणि शेवटचा मुद्दा सुराचा, कारण व्याकरण बरोबर असूनही समोरचा दुखावला जातो तो इथे. ‘आय शुड हॅव कॉल्ड’ ही स्वतःची चूक मान्य करणं झालं. ‘यू शुड हॅव कॉल्ड’ म्हणताच तो ठपका होतो. ‘यू कुड हॅव कॉल्ड’ हे मराठीतल्या ‘फोन करता आला असता की’सारखं टोचतं, आणि ‘यू माइट हॅव कॉल्ड’ रागाने उच्चारलं तर आणखी. वरिष्ठाला किंवा ग्राहकाला लिहिताना ‘यू’वरचा भार काढून घ्या: ‘इट वुड हॅव हेल्प्ड इफ वी हॅड नोन धिस अर्लिअर.’ किंवा कर्मणी रूप घ्या: ‘वी शुड हॅव बीन टोल्ड’, आम्हाला सांगितलं जायला हवं होतं. यातही तक्रार आहेच, पण बोट कुणा एकाकडे नाही. जवळच्या माणसाला मात्र ‘आय विश यू हॅड टोल्ड मी’ म्हणा. त्यात ठपक्यापेक्षा ‘मला सांगायचं होतंस ना’ हा सूर जास्त ऐकू जातो.